मामाजींच्या माशा

एक माशी मारली म्हणून आमच्या मामाजींनी माझ्या सख्ख्या बापाला पानमळ्यातून बाहेर काढलं होतं. "याहीबुवा, तुमी बाहीर बसा, चहा तिथंच येईन," एवढंच म्हणाले. मामाजी म्हणजे माझे सासरे. सोनाळ्यात सगळे त्यांना माशीबुवाच म्हणत.

पानमळा म्हणजे सदा ओल आणि सावली. तिथं बिनशंखाच्या गोगलगायी माजतात आणि एका पावसाळ्यात पानांची चाळण करतात. भोक पडलेलं पान कोण घेतो? बाकीचे लोक राख टाकत, मीठ टाकत. मामाजी काहीच टाकत नसत. मळ्याच्या खालच्या कोपऱ्यात पाणी साचायचं. तिथं कंबरभर गवत, चिखल आणि वास. त्या गवतावर पिवळट माशा डोकं खाली करून बसलेल्या असत. तिथं विळा लावायची कुणाची छाती नव्हती. "आपले राखणदार हायेत ते," मामाजी म्हणत.

मी चिखलीची, सातवी शिकलेली, आणि स्वच्छतेचं भारी वेड. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन आले. पहिल्याच आठवड्यात मिठाची म्हणून एक बरणी उघडली, तर आत चिखल आणि सडकी गोगलगाय! मी किंचाळले. मामाजी धावत आले. "अवं बाई, झाकण लाव, उडून जाईन ना ते!" मग मांडी घालून त्यांनी मला समजावलं. माशीची अळी गोगलगायीच्या अंगात शिरते, तिला आतून खाते, मग कोष करते आणि माशी होऊन उडते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बरण्या भरून, रोज बघून बघून त्यांनी शोधलं होतं. "काऊन किळस करतं वं? तिलेबी पोट हाय." मी मान डोलावली. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं खूळ.

तिसऱ्या वर्षी आषाढात त्यांना मुदतीचा ताप आला. महिनाभर खामगावच्या दवाखान्यात होते. हे आणि दीर तिकडे येरझारा घालत, मळा माझ्यावर. माणूस मरणाच्या दारातून परत येतोय, सगळं लख्ख दिसावं, असं मला वाटलं. दोन बाया लावून कोपऱ्यातलं गवत कापलं, जाळलं, खड्ड्यात मुरूम भरला. अंगणासारखं केलं हो! काय खूश होते मी. मेली अक्कल माझी.

काठी टेकत मामाजी आले आणि कोपऱ्यापाशी थांबले. "कोणं केलं हे?" मी म्हटलं, "म्या." काठीच्या टोकानं त्यांनी मुरूम उकरून पाहिला. मग म्हणाले, "बरं केलं. लय घाण झालती."

भादव्यात एक पान धड उरलं नाही. गोगलगायींनी कोवळे शेंडेसुद्धा सोडले नाहीत. मामाजी रोज सकाळी लटपटत्या पायांनी एकेक वेचून डब्यात टाकत. त्यांच्याच्यानं कुठवर होणार? एक दिवस दीर ओरडले, "तो कोपरा कोणं बुजवला बे?" मी तोंड उघडणार, तोच मामाजी म्हणाले, "म्याच सांगतलं होतं तिले. दवाखान्यातून निरोप धाडला होता."

पुढच्या उन्हाळ्यात दिरांनी वेल उपटले आणि मृगात कपाशी लावली. मामाजी ओसरीवर नुसते बसून राहत. जेवण सुटलं. दिवाळी पाहिली नाही त्यांनी.

तेरवीच्या पंगतीत दीर पाहुण्यांना सांगत होते, "बाबानं जिंदगीभर मळा राखला, अन् आखरीले सोताच्याच अकलेनं बुडवला." दोघं-तिघं हसले. मी वरण वाढत होते. तेव्हा बोलायला हवं होतं मी. दिरांच्या पानावर वरण घातलं आणि पुढं सरकले.