घासलेली फळी

हळद शिजवायची भट्टी ज्यांनी जवळून पाहिली नाही, त्यांना आक्काच्या पायांबद्दल सांगून कळायचं नाही. आक्का माझी थोरली बहीण. गावातच दिलेली. सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलला लागून असलेल्या आमच्या तुकड्यात हळद निघाली की भट्टीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, सारायचं काम दरवर्षी तिचंच. वर कढईत हळद रटरटते आणि खाली भट्टीच्या तोंडाशी बसलेल्या बाईच्या नडग्या भाजतात. फोड येतात, फुटतात, पुन्हा येतात. "सवय हाय मला," ती म्हणायची, आणि मला तिचा भयंकर राग यायचा. चामडीला कसली आलीय सवय!

मी तेव्हा औरंगाबादला संशोधन करत होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. रेझिन नावाच्या चिकट रसायनात मातीचे, साध्या डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक कण मिसळून आम्ही आग अडवणाऱ्या फळ्या बनवायचो. आच लागली की फळीचा वरचा भाग जळून काळा होतो, मातीचे कण त्या काळ्यात दाटून बसतात आणि आच आत जाऊ देत नाहीत. सगळी करामत त्या काळ्या थराची. चाचणीतून उरलेली एक मोठी फळी सरांना विचारून, हंगामानंतर परत करायच्या बोलीवर मी गावी आणली. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "बाई, दार काढून आणलं का कुणाचं?"

भट्टीच्या तोंडाजवळ, विटांच्या आधाराने फळी उभी केली. तिच्याआड आक्का बसली आणि बाजूने पऱ्हाट्या सारत राहिली. दिवस मावळताना तिने साडी वर घेऊन पाय दाखवले. एकही नवा फोड नव्हता. "सावलीत बसल्यावानी वाटून राहिलं गं," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी हसली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. फळीला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावून मी ऐटीत औरंगाबादला निघून गेले.

पुढच्या सुटीला आले तेव्हा हळद शिजवणं चालूच होतं. हिंगोलीच्या डेपोतून बस धरली आणि उतरल्यावर पिशवीसकट थेट शेतात गेले. लांबूनच भट्टी दिसली, आक्का दिसली, आणि तिच्यासमोर चकचकीत फळी. काळ्याचा मागमूस नाही. मी काय बघतेय तेच मला आधी कळेना. जवळ गेले तर फळी झिजून भाकरीएवढी पातळ झालेली. "आक्का, ऊठ तिथून!" मी ओरडले, तेवढ्यात फळी मधोमध तडकली आणि पेटता तुकडा आक्काच्या पायावर पडला. नायलॉनची साडी भप्पकन पेटली. दाजींनी आणि मी पाण्याचं पिंप उचलून तिच्यावर ओतलं. साडी वितळून पायाला चिकटली होती. आक्का माझ्याकडे बघत होती.

हिंगोलीच्या दवाखान्यात तिला आत नेल्यावर मी मायला विचारलं, "फळी कुणी घासली?"

"मीच. रोज सांजच्याला, राखुंड्यानं."

"काहून?" माझा आवाज अख्ख्या व्हरांड्यात गेला. "हात लावू नका म्हणलं होतं ना! ते काळंच आक्काला वाचवून राहिलं होतं, माय!"

माय हळूच म्हणाली, "तुला परत न्यायची होती न ती. तशी काळीकुट्ट नेली असती तर तुझे सर काय म्हणले असते? यांच्या घरी वस्तूची अशीच गत करत्यात, असंच न?"

आमचं बौद्ध घर. मायच्या लहानपणी वरच्या आळीतली माणसं तिच्या हातचं पाणी घेत नसत. तेव्हापासून ती भांडी अशी घासते की कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. माझ्या नावाला बोल लागू नये म्हणून तिने रोज तेवढ्याच मायेने ती फळी घासली होती. आणि आत माझी बहीण तळमळत होती. एवढा राग घेऊन मी आले होते, तो कुणावर काढू? मी भिंतीला धरून खाली बसले.

आक्का वाचली. पाय मात्र आखडला, तो कायमचाच. बऱ्याच दिवसांनी तिला घरी आणलं तेव्हा नडगीवर काळी खपली धरली होती. माय कोमट पाणी आणि फडकं घेऊन बसली. बोटं पुसली, टाच पुसली, आणि खपलीपाशी येऊन तिचा हात थांबला.

"हे काळं ऱ्हाऊ द्यायचं न, बाई?" तिने मला विचारलं.

"व्हय माय. ऱ्हाऊ दे."

तिने फडकं बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात आपल्या मांडीखाली दाबून धरले.