हनोख आवरेकरांनी पुरलेली वही

उरणकडच्या बेने इस्रायलींत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंत, जाणता माणूस कोण, असं विचारलं की सगळे हनोख आवरेकरांकडे बोट दाखवायचे. सगळे म्हणजे मागे उरलेले पाच-सहा म्हातारे. बाकीचे ज्यू केव्हाच इस्रायलला गेले होते.

हनोखकाका गोदीतून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि वाशीत राहायला आले. तरी दर रविवारी एसटीने गावी जाऊन सिनेगॉग झाडून काढायचे. तिथल्या कपाटात समाजाची वही होती. शंभर वर्षांचे जन्म, लग्नं, मयती, सगळं तिच्यात.

एकोणनव्वद साली वहीला वाळवी लागली. हरेक पानाच्या माथ्यावर हिब्रूत देवाचं नाव होतं, आणि असा कागद जीर्ण झाला तर टाकायचा नाही, जाळायचा नाही, माणसासारखा दफन करायचा, ही ज्यूंची रीत. फाटक्या प्रार्थनापोथ्या पुरायच्याच होत्या. काकांनी त्यांच्यासोबत वहीही पांढऱ्या कापडात गुंडाळली. कुणाला विचारलं नाही. धर्माच्या बाबतीत आपला हात धरणारा कुणी नाही, हे त्यांना स्वतःलाच फार पटलेलं होतं! कबरस्तानात पिढीजात कबरी खणणाऱ्या गोटीरामने खड्डा खणला, काकांनी प्रार्थना म्हटली आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी आले.

सत्त्याण्णवमध्ये मिल्काचा, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा, इस्रायलहून फोन आला. ती तिकडे नर्स होती.

"पप्पा, माझं लग्न ठरलंय. पण लग्न लावणारा इथला धर्मगुरू, रब्बी, म्हणतो, ज्यूपण आईकडून येतं, तर तुझ्या आईची आई ज्यू होती कशावरून? आजीच्या लग्नाचं पान पाठवा, अर्जंट."

ते पान काकांनी पुरलेल्या वहीत होतं. दुसऱ्याच दिवशी ते गोटीरामला घेऊन कबरस्तानात गेले. कंबरभर खणल्यावर कापडाच्या चिंध्या वर आल्या. गोटीरामने त्या हाताने चाचपल्या.

"काका, यान कायच नाय ऱ्हायला. सगली मातीच हाय."

मग काकांनी स्वतःच कागद लिहिला. बायकोची आई, तिची आई, अशी पाच पिढ्यांची नावं पाठ होती, ती उतरवली. म्हाताऱ्यांच्या सह्या घेतल्या. तिकडून उत्तर आलं, घरच्यांचा नि गावच्यांचा शब्द पुरावा धरत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या वारी, तेलाचा घाणा बंद ठेवला आणि त्यापायी गावाकडून शनिवार तेली म्हणवून घेतलं, त्यांच्या पणतीला आता ज्यू असल्याचा दाखला हवा होता! संताप येतो. पण दाखला मागणाऱ्यांवर ओरडून काय उपयोग? होता तो पुरावा मातीत घालणारा घरचाच होता.

तीन महिन्यांनी पुन्हा फोन आला.

"पप्पा, इथे रब्बीशिवाय लग्नच लागत नाही, म्हणून आम्ही सायप्रसला जाऊन रजिस्टर लग्न केलं. रब्बी नाही, आशीर्वाद नाहीत, काही नाही. सासरचं कोणी आलं नाही."

"मिल्का, मी देवाच्या नावाचा मान राखला गं."

"राखलात ना. मग पुरायच्या आधी एकदा झेरॉक्स तरी काढायची."

फोन ठेवल्याचा आवाज आला.  आठ वर्षांत हा विचार काकांना एकदाही शिवला नव्हता.