खरखरीतलं नाव

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाहीये.

सोनईच्या आमच्या नानांकडची ग्रामोफोनची जुनी तबकडी मी मोबाईलवर उतरवून काल इथं ग्रुपवर टाकली होती. ऑर्केस्ट्राच्या साथीचं गाणं, पण लेबल पार झिजलेलं. म्हणून खाली लिहिलं, 'अज्ञात गायिका'.

आज नानांनी ऐकलं आणि म्हणाले, "आरं, शेवटी ती नाव सांगती, ते कुठं गेलं?"

गाण्यानंतरची खरखर मी सवयीनं कापली होती! त्या काळी गाणारे तबकडीच्या शेवटी आपलं नाव सांगायचे, हे ध्यानातच आलं नाही.

तबकडी पुन्हा लावली. खरखरीतून घाईघाईनं आवाज आला, "माझं नाव चंद्राबाई."

सगळी वाद्यं थांबेपर्यंत बाई थांबली, मग बोलली. मी नेमकं तेवढंच उडवलं.

कालचं गाणं तुम्ही पुढं कुणाकुणाला पाठवलंत? त्यांना आता तिचं नाव पाठवाल?