केरबामामाची हलगी आणि सुशांतशेठचा भोंगा

केरबामामा इकडं आखातात, अल रय्यानात पाण्याचा टँकर चालवतो. मूळचा गडहिंग्लजकडचा. आठवडाभर तोंडातून शब्द काढत नाही, पण शुक्रवारी कबड्डीच्या मैदानावर गळ्यात हलगी अडकवली की हा गडी एकटाच सगळ्या गावाचा कालवा करतो.

नुसतं बडवणं नव्हे ते. आपला गडी चढाईला गेला की मामा धिमा ठेका धरणार. घड्याळावर डोळा त्याचाच. वेळ सरत आली की ठेका एकदम दुडका. तो कानावर पडला की चढाईवाल्यानं पाठ फिरवायची आणि रेघ गाठायची. आमच्या पोरांना घड्याळ बघायची सवयच नाही.

संघाचा मालक सुशांतशेठ. कामगारांच्या मेसला जेवण पुरवतो. यंदा त्याच्या अंगात काटकसरीचं वारं शिरलं. आधी मॅचनंतरची केळी बंद. मग आम्हाला नेणारी बस खलास. जर्सी गेल्या सालच्याच, बगलेत उसवलेल्या. आम्ही गिळलं. पण मग त्यानं आमचा हुकमी चढाईवाला शिवराज सोडला. का, तर त्याची खोली परवडत नाही. असला गडी अल रुवैस बंदरातल्या बोटवाल्यांच्या संघानं लगेच उचलला. त्याच्या जागी शेठनं स्वतःच्या स्वयंपाकघरातला मधू उभा केला. पोरगं चपळ, पण आजवर कांद्याशिवाय कुणावर चाल करून गेलेलं नाही.

वर कहर म्हणजे हलगी. मामाला आणायची गाडी वाचावी म्हणून शेठनं जुनं रेकॉर्डिंग काढून भोंग्यावर लावलं.

"शेठ, मी मेलोय व्हय?" मामानं विचारलं.

"आवाज तोच आहे की मामा. तुम्हाला उगाच त्रास कशाला?"

"मग जेवाण बी फोटूतलंच वाढा."

त्या दिवशी मामानं जाहीर केलं, शिवराज परत येईतोवर हलगी मुकी.

आणि सेमीफायनलला समोर आले नेमके रुवैसवाले.

मामा टँकर घेऊनच आला. टँकरच्या गरम बॉनेटवर हलगी तापत ठेवलेली.

"वाजवायची न्हाई म्हंता आन् तापवताय कशाला?" शेजारच्या सचिननं डिवचलं.

"कातडं हाय. हितल्या दमट हवंत मऊ पडतं. गप बस."

खेळ सुरू झाला. भोंगा आपला एकाच तालात कोकलतोय. आमचा गडी आत जाऊन अडकला तरी भोंगा खुशीत, बाद होऊन बाहेर आला तरी खुशीत. जुनी पोरं ठेका बदलायची वाट बघत तिकडंच घुटमळली आणि वेळ संपून बाद झाली. दोन्हीकडून आमचंच मरण. पलीकडून शिवराज येऊन आमची माणसं टिपून जातोय, आणि आम्हाला टाळी आवरत नाही.

"शेठ, डबडं बंद करा," कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. शेठ खुर्चीत बसून मोबाइल बघत राहिला.

तरी आमच्या पोरांनी त्यांचे दोन-चार गडी पकडून धरले, होता होता गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई आमची. आमच्याकडं उरलेला एकच गडी, मधू. समोर कोपऱ्यात शिवराज.

मामा उठला. "संघ काय त्येच्या बापाचा न्हाई," एवढं बोलून त्यानं भोंग्याची वायर उपटली आणि हलगी गळ्यात घातली.

पहिली थाप पडली तशी मैदानाची पाठ ताठ झाली. शिवराजनं वळून बघितलं आणि हसला. तीन वर्षं त्याच ठेक्यावर खेळलेला तो. ठेका बदलला की मधू पाठ फिरवणार आणि पाठ फिरली की कमरेला मिठी मारायची, त्याचं गणित पक्कं. मामानं त्याचा कान टवकारलेला बघितला. मधूला मात्र मामाच्या ठेक्याची खूण ठाऊकच नव्हती. त्यानं भोंग्याशिवाय काही ऐकलंच नव्हतं.

वेळ अजून बक्कळ शिल्लक. आणि मामानं ठेका दुडका केला.

शिवराज झेपावला. मधूनं पाठ फिरवलीच नाही. मधू जिथं असायला हवा होता तिथं शिवराज एकटाच जाऊन पडला. मधूनं त्याच्या पाठीवर कांदा दाबल्यागत हात ठेवला आणि रेघेकडं पळत सुटला. शिट्टी. मग कोण कुणाच्या खांद्यावर चढलं, काही विचारू नका. सचिनची एक चप्पल अजून सापडलेली नाही.

शिवराज माती झटकत आला. "मामा, मला फसवलंसा."

"आमच्यात असतास तर फसवाय लागलं नसतं. त्येला सांग," मामानं हनुवटीनं शेठकडं दाखवलं.

शेठ धावतच आला. "मामा, फायनलला गाडी पाठवतो. घराच्या दारात."

"गाडी माझी हाय, पाण्याची." मामानं हलगी पिशवीत घातली. "फुडच्या हंगामाला ह्यो शिवराज आमच्यात उभा ऱ्हाणार का, त्येवढं सांग."

"बघू. इन्शाल्ला."

"मग फायनलला मी यायचं का, ते बी बघू."

पिशवी टँकरच्या सीटवर टाकून मामा निघाला. शेठ उपटलेली वायर हातात धरून उभा, आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती, तो शिवराजला काय म्हणतोय ते ऐकायला.