खाटेखालची शेगडी

मी जन्मजात भित्रा माणूस. कुकरची चौथी शिट्टी झाली की मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येतो. त्यामुळे मुलीच्या बाळंतपणासाठी माझी थोरली बहीण, आमची आक्का, देशावरून आली आणि तिच्या पोत्यातून डिंकाच्या आधी एक पत्र्याची शेगडी आणि बाभळीची लाकडं निघाली, तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो.

"ही कशाला गं?"

"बाळंतिणीला शेकायला. मग काय तुझ्या गीझरनं शेकू?"

नेरूळमधला आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. बायकोची सकाळची शाळा, जावई परगावी नोकरीला, म्हणजे बाळंतिणीचं सगळं आक्काच्या हाती. आणि आक्काची रीत ठरलेली: मालिश, कढत पाण्याची आंघोळ, मग बाळंतिणीला खाटेवर निजवून खाली निखाऱ्यांची शेगडी. न शेकलेली कंबर जन्मभर दुखते, यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

पहिली अडचण खाटेची. आमचे पलंग बॉक्सचे. त्यांच्याखाली झुरळाला शिरायची मारामार, तिथे शेगडी कुठली? मी जाऊन फोल्डिंगची खाट आणली, नायलॉनच्या पट्ट्यांची. घरी आणल्यावर मला आठवलं की नायलॉन वितळतं. तेव्हापासून डोळ्यांसमोर एकच चित्र. ठिणगी उडतेय, पट्टी वितळतेय, दुपटं पेटतंय. शेक चालू असला की मी दाराबाहेर पाण्याची बादली आणि ओलं गोणपाट घेऊन बसायचो.

"बाबा, तुम्ही अग्निशमन दलात का नाही गेलात?" मुलगी आतून विचारायची.

"भीती वाटली असती."

शेगडी मात्र खरंच चांगली होती. बादलीसारखी गोल, आतून मातीचा जाड लेप, मध्ये लोखंडी जाळी आणि जाळीखाली हवेसाठी एक तोंड, त्याला सरकतं झाकण. आक्का गॅलरीत लाकडं पेटवायची, धूर सरून लालभडक निखारे झाले की शेगडी आत न्यायची. "खालनं वारा, वरनं ऊब," हे तिचं शास्त्र. पण वरच्या मजल्यावरून कपड्यांना धुराचा वास लागल्याची तक्रार आली आणि आक्का शेगडी जरा लवकर आत आणू लागली. निखारे तडतडू लागले. एक ठिणगी खाटेच्या पायापर्यंत गेली आणि माझा जीव तिच्यापुढे गेला.

मग मी युक्ती काढली. खालचं झाकण जवळजवळ बंद करून टाकलं. ठिणग्या थांबल्या. निखारे शांतपणे, राखेखाली, कितीतरी वेळ टिकू लागले.

"आता कसं, तेवढ्याच लाकडात पुरतंय," आक्काही खूश झाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भीतीला कुणी शाबासकी दिली होती.

आक्काची काळजी वेगळी होती. बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये. खाडीवरून गार वारा यायचा, म्हणून ती स्लायडिंगच्या खिडक्या लावून फटींत जुनं लुगडं कोंबायची, दाराखाली चादर सारायची. तिच्या गावच्या घराला कौलं. कितीही बंद केलं तरी वारा आपली वाट शोधतो. आमच्या खिडक्यांना डासांपायी मीच घट्ट रबर लावून घेतलं होतं.

त्या सकाळी मी हॉलमध्ये धुरीसाठी लसूण सोलत होतो. आक्का आत असली की तिचं बोलणं अखंड चालू असतं. हातातली पाकळी सोलून झाली आणि मला जाणवलं, आतून काहीच आवाज येत नाहीये.

दार ढकललं. धूर नव्हता. जळका वास नव्हता. खाटेच्या पट्ट्या शाबूत होत्या. मी सुटकेचा श्वास घेऊन मागे वळणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, डोकं फुटतंय. बाळाला घ्या. माझा हातच उचलत नाही."

आक्का भिंतीला टेकून बसली होती. "जरा गरगरतंय," एवढंच बोलली.

मी नातीला उचललं तर तिची मान माझ्या हातावरून कलली. मला माहीत होती ती सगळी भीती लाल रंगाची होती. या भीतीला रंगच नव्हता. मी धावलो, दार उघडून ओरडलो. समोरच्या वहिनी आल्या, बाळ त्यांच्या हातात कोंबलं आणि परत आत गेलो. मुलीला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. आक्का भिंत धरत मागून आली.

पॅसेजमध्ये वहिनी बाळाच्या तळव्याला टिचक्या मारत होत्या. बाळ रडत नव्हतं. आदल्या दिवशीच मी वैतागून म्हणालो होतो, किती रडते ही. आता मी गुडघ्यांवर बसून म्हणत होतो, "रड गं बाई, रड." कितीतरी वेळानं मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेगडीला हवा कुठून होती?"

"ठिणगी उडू नये म्हणून मी खालचं तोंड बंद केलं होतं."

"आणि खोलीला?"

आक्का मास्कआडून म्हणाली, "वारं लागू नये म्हनून म्या बंद क्येलं."

बाई म्हणाल्या, "हवा कमी पडली की निखारा लगेच विझत नाही, विषारी वायू जास्त सोडतो. दिसत नाही, वास येत नाही. आणि कोंडलेल्या खोलीत चांगली शेगडीसुद्धा नको. अजून थोडा उशीर झाला असता तर..."

बाळ बरं आहे असं सांगून त्यांनी घरी सोडलं. आता खिडक्या उघड्या असतात, बाळंतीण कानाला स्कार्फ बांधून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकते. पण माझा जीव काही थाऱ्यावर येत नाही. बाळ रडतं तोवर ठीक. झोपलं की घरातली शांतता मला सोसत नाही. काल दुपारी असाच पाय न वाजवता खोलीत गेलो तर आक्का आधीच पाळण्यावर वाकून बसलेली, बाळाच्या नाकाखाली बोट धरून.

"हलतंय का पोट?" मी विचारलं.

"हलतंय वाटतं. तूच बघ."

मी बघितलं. मलाही वाटलं, हलतंय. नक्की सांगता येईना. मग आम्ही दोघांनी मिळून तिच्या तळव्याला हळूच गुदगुली केली.

"अहो, झोपू द्या की तिला!" मुलगी ओरडली.

बाळानं पाय झटकला, तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. आक्का मटकन खाली बसली. मीही तिच्या शेजारी बसलो, आणि कितीतरी वेळ आम्हा दोघांपैकी कुणीही बाळाला गप्प करायला उठलं नाही.