टाक्यात धुतलेले बूट

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

सकाळी मी आणि कंपनीतला मित्र निलेश माझ्या बाइकवर रावेतहून निघालो. चाकणच्या पुढे एका अनोळखी डोंगरावर चढलो. वर कातळात कोरलेलं टाकं होतं, पाणी अगदी नितळ. निलेशने चिखलाच्या बुटांसकट पाय त्यात सोडले आणि तो चूळ भरून त्यातच थुंकला. मी हसत रील काढत होतो.

तेवढ्यात खालच्या वाडीतली एक बाई हंडा घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, आमी हेच पानी पितो."

निलेश म्हणाला, "मग गाळून घ्या की, मावशी!"

ती भांडली नाही. गाळ खाली बसायची वाट बघत कडेला बसून राहिली. मला स्वतःचीच शिसारी आली. मी तिची माफी मागितली. निलेशला म्हणालो, "तूही माग."

"पाण्यासाठी एवढं काय, राव?"

त्याला तिथेच सोडून मी एकटा परत आलो. व्हिडिओ डिलीट केला. आता कंपनीच्या ग्रुपवर सगळे मलाच झापतायत, मित्राला असं डोंगरावर सोडतात का म्हणून. त्या बाईला पाणी मिळालं का, हे एकानेही विचारलेलं नाही.

तुम्ही त्याला मागे बसवून आणलं असतं का?