मोठ्या साडूंची आफ्रिका

घराबाहेर पाऊल न टाकता माझ्या मोठ्या साडूंइतका प्रवास केलेला माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. हे मी कौतुकानं म्हणत नाही, दमून म्हणतो, कारण त्या प्रवासात सगळी धावपळ माझी व्हायची. जर्मनीत वोल्फ्सबुर्गमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहायचो, भाऊजी वर आणि आम्ही खाली. रविवारी सकाळी जिन्यात त्यांच्या सपाता वाजल्या की माझी बायको म्हणायची, "आली आफ्रिका." मग पोह्यांच्या बशा बाजूला सारून आमच्या टेबलावर केनियाचा नकाशा पसरला जायचा आणि विल्डबीस्टचे कळप मारा नदी कुठे ओलांडतात ते भाऊजी चमच्यानं दाखवायला लागायचे. पुण्यात असताना कधीतरी त्यांनी टीव्हीवर ते पाहिलं होतं. काठावर सगळा कळप खोळंबलेला, खाली पाण्यात मगरी, कुणाची हिंमत होत नाही, आणि अचानक एकजण उडी टाकतो. "तो पहिला, अहो, तो पहिला मला या डोळ्यांनी बघायचाय," एवढं म्हणून ते चमचा नदीकाठीच टेकवून ठेवायचे. तेवढ्यापुरता मलाही त्यांचा राग येत नसे.

यात्रा कंपनी, गाइड, ड्रायव्हर यातलं त्यांना काही चालत नव्हतं. "ड्रायव्हरला जेवायची घाई असते. नेमका तो पहिला उडी मारायच्या वेळी गाडी वळवेल," असं त्यांचं ठाम मत. तेव्हा भाड्याची जीप घ्यायची आणि आपणच चालवायची, आणि ती चालवणार मी. कारण हा गृहस्थ उभा जन्म गाड्यांच्या ब्रेकवर काम करत होता, पण गाडी चालवत नव्हता. भारतातलं लायसन्स इथे काही महिन्यांनी चालेनासं होतं आणि इथला फ्युररशाइन मिळवायच्या परीक्षेत भाऊजी नेमानं नापास व्हायचे. कारण दर वेळी एकच, विनाकारण थांबणे. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असा इथला नियम, हे डावीकडच्यालाही जाऊ देत. एकदा फुटपाथवर कुत्र्याला घेऊन गप्पा मारत उभ्या असलेल्या आजीबाईंसाठी ते इतका वेळ थांबले, की शेवटी आजीबाईंनाच अवघडल्यासारखं झालं आणि त्या काम नसताना रस्ता ओलांडून गेल्या. "ब्रेक आहे म्हणून तर गाडी आहे," असं त्यांनी परीक्षकाला सांगितलं. परीक्षकानं मान्य केलं आणि नापास केलं.

बरं, मी एकटा चालवतो म्हटलं, तर तेही नाही. "तुम्ही दमलात तर? बायका बरोबर आहेत. दुसरा ड्रायव्हर हवाच, गेनाऊ, अगदी बरोबर!" म्हणजे त्यांचा फ्युररशाइन आल्याशिवाय आफ्रिका नाही, आणि आफ्रिकेचा नाद तर सुटत नाही. इथे वर्षाची रजा जानेवारीतच सांगून ठेवावी लागते, त्यामुळे माझा ऑगस्ट दर वर्षी मारा नदीला वाहिलेला. माझी बायको इटली इटली करून थकली. उलट सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आमची रविवारी तालीम चालायची. केनियात गाड्या डावीकडून चालतात, म्हणून मी डावीकडून चालवायचं आणि भाऊजींनी शेजारी बसून वाळूत रुतलेल्या गाडीबद्दल सूचना द्यायच्या. एकदा पोलिस आला. "आल्झो, आम्ही केनियाची तयारी करतोय," भाऊजींनी त्याला जर्मनमध्ये समजावलं. पोलिसानं मागच्या सीटवर कुकर मांडीवर घेऊन बसलेल्या ताईंकडे, म्हणजे माझ्या मेहुणीकडे, पाहिलं, आणि शुभेच्छा देऊन तो निघून गेला.

मग मंदी आली, भाऊजींचं प्रोजेक्ट बंद झालं आणि मार्चअखेर पुण्याला परत जायचं ठरलं. तरी त्यांनी आधी नाव दिलेली परीक्षा सोडली नाही, आणि त्या दिवशी वाटेत कुणी आडवं आलं नसावं, ते पास झाले. जायच्या आठवड्यात संध्याकाळी ते माझ्या गाडीच्या किल्ल्या मागायला आले. मी शेजारी बसलो. गावाबाहेर बारीक पाऊस होता, बेडकाचं चित्र असलेली एक पाटी गेली, आणि थोडं पुढे त्यांनी सवयीप्रमाणे ब्रेक दाबला. मी वैतागून म्हणणार होतो, की भाऊजी, आता तरी. पण दिव्यांच्या उजेडात रस्त्याकडेला बेडूक जमले होते, पलीकडच्या तळ्यावर जायला निघालेले आणि डांबरापाशी अडलेले. मागून हॉर्न वाजला. भाऊजी खाली उतरले आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहिले. बराच वेळ काही हललं नाही. मग एक मळकट बेडूक डांबरावर आला.

"अहो, बघा! तो पहिला!" ते ओरडले. त्यांचा चष्मा पावसानं भिजला होता, निदान मी तसं समजलो. मागचे सगळे पलीकडे जाईपर्यंत आम्ही तिथेच होतो, आणि मागचा गाडीवालाही हॉर्न सोडून खाली उतरून बघत उभा राहिला.

आता माझा ऑगस्ट मोकळा असतो. बायको विचारते कुठे जायचं, मी इटली म्हणतो, ती बरं म्हणते, आणि बुकिंग काही होत नाही. रविवारी पोहे होतात, टेबल रिकामं असतं, आणि जिन्यात कुणाचंही पाऊल वाजलं की आम्ही दोघं बशा जरा बाजूला सरकवतो.